एक प्रिंटर, दोन कम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी आमचं दोन काउंटरचं सेंटर आहे. ऑनलाइन फॉर्म, सातबारा, दाखले, हॉल तिकीट, झेरॉक्स, सगळं चालतं, आणि दोन्ही काउंटरला मिळून लेझर प्रिंटर एकच, तोही फक्त यूएसबीवाला. हे जमवता जमवता जे शिकलो ते नंतर ओळखीच्या वकिलांकडे, एका पतसंस्थेत, नातेवाइकांच्या घरी बसवून दिलं, आणि जिथे जाईन तिथे प्रश्न साधारण तेच. जून महिन्यात ॲडमिशनची गर्दी सुरू झाली की फोनवर पण तेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. ज्याला प्रिंटरची वायर जोडलेली आहे त्याला खाली सगळीकडे "मेन" म्हटलंय आणि दुसऱ्याला "दुसरा".

एकच प्रिंटर दोन कम्प्युटरला चालतो का, की दुसरा घ्यावाच लागतो?

चालतो, अगदी व्यवस्थित चालतो. एचपीचा लेझरजेट १०२०, कॅननचा एलबीपी २९००, एप्सनचा एल३११० असे फक्त यूएसबी असलेले प्रिंटर आपल्याकडे दुकानादुकानात आहेत आणि त्यांना वाय-फाय नाही म्हणून लोक चांगले चालणारे मशीन विकायला काढतात, तसं करू नका. दोघं एकदम प्रिंट द्या, काही बिघडत नाही, आधी आलेली आधी निघते, मागची रांगेत थांबते.

मग सुरुवात कुठून करू?

स्वतःला एक प्रश्न विचारा, दिवसभर चालू कुठला कम्प्युटर राहतो? सगळं त्यावर ठरतं. प्रिंटर ज्याला जोडलाय तो बंद असेल किंवा झोपला असेल तर दुसऱ्यावरून प्रिंट येणारच नाही. म्हणून जो सकाळी पहिला सुरू होतो आणि रात्री शेवटी बंद होतो, शक्यतो डेस्कटॉप, तो मेन. घरी मुलीचा लॅपटॉप क्लासला जातो आणि बाबांचा पीसी टेबलावरच असतो, तर प्रिंटर बाबांच्या पीसीला. दोन्ही लॅपटॉप आहेत आणि दोन्ही फिरतीचे आहेत, तर मात्र शेअरिंगच्या मागे लागू नका, खाली स्विच आणि वाय-फायचं लिहिलंय ते बघा.

दोन तोंडांची यूएसबी वायर मिळते, ती लावली की झालं ना?

नाही होत. यूएसबीमध्ये एका वेळी मालक एकच कम्प्युटर असतो, दोन मालक एका प्रिंटरला चालत नाहीत, त्यामुळे नुसती वाय-आकाराची वायर कामाची नाही. यूएसबी हब पण नाही, हब एका कम्प्युटरला अनेक वस्तू जोडतो, आपल्याला बरोबर उलटं पाहिजे.

त्यासाठी मिळतो तो यूएसबी शेअरिंग स्विच. छोटी डबी असते, दोन कम्प्युटरच्या दोन वायरी आत, प्रिंटरची एक बाहेर, वर बटण. बटण दाबलं की प्रिंटर या कम्प्युटरचा, परत दाबलं की त्याचा. पूर्वी जाड पॅरलल वायरच्या जमान्यात गोल खटक्याचे ए-बी डेटा स्विच असायचे, त्याचाच हा धाकटा भाऊ. नेटवर्क नको, पासवर्ड नको, विंडोज अपडेटनं काही मोडत नाही, फक्त दोन्ही कम्प्युटरवर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला पाहिजे आणि प्रिंट निघत असताना बटण दाबायचं नाही. वायर जास्तीत जास्त ५ मीटर धरा. दोन टेबलं शेजारी शेजारी असतील आणि दिवसाला दहा-वीस पानंच निघत असतील तर मी सरळ हाच सांगतो, उगाच नेटवर्कचा घोळ कशाला. गर्दीच्या काउंटरवर मात्र दर वेळी "ए, बटण दाब रे" करावं लागतं आणि तिथे तो वैताग आणतो.

विंडोजमध्ये मेन कम्प्युटरवर नेमकं काय करायचं?

ड्रायव्हर, शेअरिंग वगैरेच्या आधी तीन गोष्टी करा. माझ्या अनुभवात प्रिंटर शेअर होत नाही तेव्हा दोष प्रिंटरचा क्वचितच असतो, दोन कम्प्युटरची एकमेकांशी धड ओळख नसते, आणि लोक मात्र तासभर ड्रायव्हर काढ-घाल करत बसतात.

पहिली गोष्ट नाव. विंडोजनं आपोआप दिलेलं डेस्कटॉप-अमुकतमुक असलं लांबलचक नाव बदलून साधं ठेवा, इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता, १५ अक्षरांच्या आत, उदाहरणार्थ काउंटर१. नाव बदलल्यावर रीस्टार्ट लागतो.

दुसरी गोष्ट नेटवर्क. दोन्ही कम्प्युटर एकाच राउटरवर पाहिजेत, एक वायरनं आणि दुसरा वाय-फायनं असला तरी चालतो, पण एक राउटरवर आणि एक मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असं असेल तर नाही जमणार. मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन तुमचं कनेक्शन उघडा आणि ते पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. पब्लिक म्हणजे स्टँडवरचं फुकट वाय-फाय असं विंडोज समजतं आणि दारं लावून घेतं. त्यानंतर ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही बटणं चालू करा. दोन्ही कम्प्युटरवर.

तिसरी गोष्ट, मेनवर एक वेगळं लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्याच कम्प्युटरवरचं. याचं कारण पुढे पासवर्डच्या प्रश्नात सांगतो, पण हे आत्ताच केलंत तर पुढचा अर्धा त्रास वाचेल.

हे झालं की शेअरिंग दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, वरती शेअरिंगचा टॅब, "शेअर धिस प्रिंटर"वर टिक, खाली शेअर नेम छोटं द्या, लेझर असं एक शब्दाचं, ओके. लक्षात ठेवा, प्रिंटर प्रॉपर्टीज आणि प्रिंटिंग प्रेफरन्सेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शेअरिंगचा टॅब पहिल्यात आहे, फोनवर सांगताना इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

दुसऱ्या कम्प्युटरवर प्रिंटर कसा आणायचा?

सोपा रस्ता असा, विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, रनच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन मेन कम्प्युटरचं नाव टाका, एंटर मारा. शेअर केलेला प्रिंटर दिसेल, त्याच्यावर डबल क्लिक केलं की तो बसतो.

ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून असा नेटवर्कवरून ड्रायव्हर ओढून घ्यायला ॲडमिनची परवानगी लागते, त्यामुळे काउंटरवरच्या मुलाला साधं अकाउंट दिलेलं असेल तर ते एकदा ॲडमिनच्या पासवर्डनं करून द्यावं लागतं.

मी स्वतः दुसरा रस्ता घेतो, तो दहा मिनिटं जास्त खातो पण नंतर वर्षभर बघावं लागत नाही. प्रिंटरची वायर एकदा काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावतो, ड्रायव्हर नीट बसवतो, एक टेस्ट पेज काढतो, वायर परत मेनला. आता दुसऱ्यावर प्रिंटरचं नाव तर आहे पण तो ऑफलाइन दिसतो. त्याच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सचा टॅब, ॲड पोर्ट, लोकल पोर्ट, न्यू पोर्ट, आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या रेघा, मेनचं नाव, एक उलटी रेघ, शेअर नेम. ओके, अप्लाय. झालं. ड्रायव्हर दुसऱ्याचा स्वतःचा राहतो, फक्त कागद कुठे पाठवायचा तो पत्ता बदलतो, त्यामुळे ड्रायव्हर नेटवर्कवरून यायचाच नसतो आणि पुढचे निम्मे एरर येतच नाहीत.

युजरनेम-पासवर्ड मागतोय, बरोबर टाकला तरी घेत नाही!

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो पासवर्ड मेन कम्प्युटरचा मागतोय, तुमच्या दुसऱ्याचा नाही, हे आधी. आता तीन कारणं असतात. एक, तुम्ही चार आकडी पिन टाकताय. पिन फक्त त्या कम्प्युटरसमोर बसून उघडायला असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. दोन, मेनवर पासवर्डच ठेवलेला नाही आणि तुम्ही जागा रिकामी सोडताय, तर विंडोज रिकाम्या पासवर्डनं नेटवर्कवरून कुणालाही आत घेत नाही, फक्त समोर बसलेल्याला घेतो. तीन, मेन मायक्रोसॉफ्टच्या ईमेल अकाउंटवर चालतोय, मग पूर्ण ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो, जो सहा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकला होता आणि आता कुणालाच आठवत नाही.

म्हणूनच वेगळं अकाउंट. मेनवर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट, तिथे "या माणसाची माहिती माझ्याकडे नाही" अशा अर्थाची लिंक आहे ती घ्या, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा. नाव काहीही साधं, पासवर्ड मात्र हवाच, आणि साधा युजरच ठेवा, ॲडमिन करायचं काही कारण नाही. या अकाउंटमध्ये कुणी कधी बसणार नाहीये, ते फक्त दुसऱ्या कम्प्युटरला दार उघडायला आहे.

मग दुसऱ्या कम्प्युटरवर कंट्रोल पॅनल, क्रेडेन्शिअल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शिअल्स, तिथे मेनचं नाव, युजर म्हणून मेनचं नाव उलटी रेघ अकाउंटचं नाव, आणि पासवर्ड. परत विचारणार नाही.

व्हिडिओत तर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा असं सांगतात?

जुना सल्ला आहे तो. विंडोज ११ प्रो २४एच२ वर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जायची वाट मुळात बंदच ठेवलेली आहे, त्यामुळे ते बटण बंद करून हाती काही लागत नाही. आणि लागलं असतं तरी मी नको म्हणेन, सेंटरच्या मेन कम्प्युटरवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन, बँक पासबुकं पडलेली असतात आणि वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या टपरीवाल्याला पण माहीत असतो.

जुन्या व्हिडिओंचं निघालंच आहे तर सांगतो, होमग्रुप शोधत बसू नका, ते २०१८ ला विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकलं. गूगल क्लाउड प्रिंट पण ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं.

शेवटी ११बी किंवा ७०९ असलेला एरर येतो, काय आहे हे?

२०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची रांग सांभाळणारा भाग) प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी फट उघडी पडली, तिच्यातून बाहेरचा माणूस कम्प्युटरचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. ते वर्षभर मायक्रोसॉफ्टनं प्रिंटिंगच्या नाड्या एकामागून एक आवळल्या, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर दोन कम्प्युटर प्रिंटरबद्दल बोलताना ते बोलणं सुरक्षित पद्धतीनंच पाहिजे अशी सक्ती आली. एक कम्प्युटर अपडेट झालेला, दुसरा महिनोन्‌महिने न झालेला, अशी जोडी असली की ११बी येतो. नंतर विंडोज ११ च्या २२एच२ मध्ये प्रिंटरशी बोलायची मूळ पद्धतच बदलली आणि जुन्या विंडोजच्या मेनशी जोडताना ७०९ यायला लागला.

पहिला उपाय दोन्हींवर सगळे अपडेट टाकणं, रीस्टार्ट करणं. नाही जमलं तर वर सांगितलेला लोकल पोर्टचा रस्ता, त्यात हे बोलणंच टळतं, माझ्याकडे आलेल्या बहुतेक केसेस त्यानंच सुटल्या. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ती सक्तीच बंद करायचा तोडगा सगळीकडे फिरतोय आणि चालतो पण, पण तो करणं म्हणजे जी फट बुजवली ती आपल्या हातानं उघडणं. लोकल पोर्टनं काम होत असताना ते कशाला करायचं? आणि "अपडेट अनइन्स्टॉल करा" हा सल्ला तर पाळूच नका, ते पुढे परत बसतंच आणि तोवर कम्प्युटर उघडा.

काल चालत होतं, आज ऑफलाइन दाखवतोय.

बारावीच्या हॉल तिकिटाच्या वेळची गोष्ट, दहा-बारा पोरं रांगेत, दुसऱ्या काउंटरवरून एक पण प्रिंट निघेना. ड्रायव्हर काढला, परत टाकला, पाऊण तास गेला, आणि शेवटी कळलं की मेन कम्प्युटरवर कुणी बसलं नव्हतं म्हणून तो अर्ध्या तासानं झोपला होता. माउस हलवला आणि सगळी तिकिटं धडाधड बाहेर आली, त्यातल्या एका मुलीची एसटी तोपर्यंत चुकली होती. तेव्हापासून मी पहिल्यांदा हेच बघतो. मेनच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते, कम्प्युटर झोपता कामा नये. मेन लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काहीच करू नको असं सेटिंग द्या.

झोपलेला नसेल तर मग नेटवर्क परत पब्लिक झालंय का बघा, राउटर बदलला किंवा वाय-फायचं नाव बदललं की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं. नवं अँटिव्हायरस टाकलंय का बघा, काहींचं स्वतःचं फायरवॉल असतं आणि ते प्रिंटर शेअरिंग अडवतं.

प्रिंटर वाय-फायचा असेल तर बहुतेक वेळा लाईट हे कारण असतं. लाईट जाते, येते, राउटर परत सुरू होतो आणि प्रिंटरला नवा आयपी नंबर देतो, कम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो. यावर कायमचा इलाज राउटरमध्ये आहे, त्याच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणून सोय असते, तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (त्याचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) टाकून एक नंबर पक्का करायचा. मॅक ॲड्रेस प्रिंटरमधून निघणाऱ्या नेटवर्कच्या माहितीपानावर छापलेला असतो. मग कम्प्युटरवर प्रिंटर जोडताना विंडोज आपोआप देतं तो डब्ल्यूएसडी पोर्ट न घेता स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट घ्या आणि तोच नंबर द्या. एवढं करून प्रिंटर चालू असताना पण ऑफलाइन दिसला तर पोर्टच्या कॉन्फिगरमध्ये एसएनएमपी स्टेटसची टिक काढून बघा.

माझ्या प्रिंटरला वाय-फाय आहे, तरी शेअर करावा लागेल का?

अजिबात नाही. एप्सन एल३२५० सारखा वाय-फायवाला प्रिंटर राउटरला जोडला की दोन्ही कम्प्युटर त्याच्याशी थेट बोलतात, मेन नाही, दुसरा नाही, कुणी झोपलं तरी कुणाचं अडत नाही. नवीन घ्यायचाच असेल तर वाय-फाय किंवा लॅनचा पॉइंट असलेलाच घ्या, यूएसबीवाल्यापेक्षा थोडे पैसे जास्त जातात पण हे अख्खं पान वाचायची गरज राहत नाही.

दोन अडचणी येतात. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात, राउटरवर दोन्ही बँडची नावं वेगळी असतील तर प्रिंटरला २.४ वालं द्या, कम्प्युटर ५ वर असला तरी हरकत नाही, राउटर एकच असला म्हणजे झालं. दुसरं, गेस्ट वाय-फायवर प्रिंटर टाकू नका, गेस्टवरच्या वस्तू एकमेकांना दिसू नयेत म्हणूनच ते असतं. वाय-फाय डायरेक्ट पण रोजच्या कामाला नको, त्यात कम्प्युटरचं वाय-फाय प्रिंटरला जोडलं जातं आणि तेवढा वेळ इंटरनेट जातं.

राउटरला यूएसबी पोर्ट आहे, प्रिंटर तिथेच लावला तर?

काही राउटरमध्ये प्रिंट सर्व्हर असतो, काहींमध्ये ते पोर्ट फक्त पेन ड्राइव्हसाठी असतं, मॅन्युअल बघा. आणि स्वस्त लेझर प्रिंटर असेल तर जपून. हे प्रिंटर स्वतः फार डोकं चालवत नाहीत, पान बनवायचं सगळं काम कम्प्युटरचा ड्रायव्हर करतो. एचपी १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर त्याचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) पण कम्प्युटरकडून मिळावं लागतं, ते राउटर देत नाही, म्हणून राउटरवर तो गप्प बसतो आणि लोकांना वाटतं बिघडला.

रास्पबेरी पाय या छोट्याशा कम्प्युटरवर कप्स नावाचं लिनक्सचं सॉफ्टवेअर टाकून फार छान प्रिंट सर्व्हर बनतो, वीज नगण्य, चोवीस तास चालू. १०२० त्यावर एचपीच्या प्लगिनसह चालतो. कॅनन २९०० ला मात्र कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल-प्रकारच्या प्रोसेसरचा आहे, तो पायवर बसत नाही. ज्याला लिनक्सची सवय आहे त्यानंच या वाटेला जावं.

प्रिंट रांगेत अडकली, डिलीट पण होत नाही.

मेन कम्प्युटरवर सर्व्हिसेस उघडा, प्रिंट स्पूलर स्टॉप करा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली काढा, फोल्डर स्वतः काढू नका, आणि स्पूलर परत स्टार्ट करा. दुसऱ्याच्या अडकलेल्या प्रिंटा पण यात जातात म्हणून आधी आवाज द्या.

दुसऱ्या कम्प्युटरवरून दिलं की मशीनची लाईट नुसती लुकलुकते, कागद ओढतच नाही?

पेपर साइझ बघा, दहात आठ वेळा दुसऱ्यावर लेटर असतं आणि ट्रेमध्ये ए४, प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत उभा राहतो. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर जरा रुंद आणि आखूड.

वकिलांकडे ए४ आणि लीगल दोन्ही लागतात, तिथे मी एक गोष्ट करतो ती सगळ्यांना आवडते. मेनवर तोच प्रिंटर, त्याच पोर्टवर, दोन नावांनी टाकतो, एक ए४ आणि एक लीगल, आणि दोन्ही वेगवेगळे शेअर करतो. मग टायपिस्टनं फक्त नाव निवडायचं, प्रत्येक वेळी सेटिंग बदलायला नको. मेनवरून जोडलेल्या प्रिंटरसाठी साइझ प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये ठरवायचा, तो सगळ्यांना लागू होतो. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ठरवलेला फक्त त्या एका युजरपुरता राहतो.

मेनवरून मराठी बरोबर येतं, दुसऱ्यावरून तीच फाइल दिली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा छापतो.

यात प्रिंटरचा आणि शेअरिंगचा काही संबंध नाही, हे फॉन्टचं आहे. श्री-लिपी, शिवाजी, सुरेख असले जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत, फाइलमध्ये आत खरं म्हणजे इंग्रजीचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचे आकार देतो. दुसऱ्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मेनवर फॉन्ट आहे आणि प्रिंटर मेनला जोडलाय म्हणून चालेल असं वाटतं, पण फाइल जिथे उघडली तिथलाच फॉन्ट लागतो. एकतर दुसऱ्यावर पण तोच फॉन्ट टाका किंवा मेनवर पीडीएफ करून घ्या. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, निर्मला विंडोजसोबतच येतो.

कधी पीडीएफमध्ये स्क्रीनवर जोडाक्षरं नीट असतात पण कागदावर तुटतात. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंटच्या चौकटीत ॲडव्हान्स्डमध्ये प्रिंट ॲज इमेज आहे, तिथे टिक करा. जरा सावकाश निघतं, पण र्‍या, ष्ट, क्ष सगळं जागेवर येतं.

ऑल-इन-वन आहे, दुसऱ्यावरून स्कॅन का होत नाही?

विंडोजचं शेअरिंग फक्त छपाईचं आहे, यूएसबीला जोडलेला स्कॅनर त्यातून जात नाही. मेनवर स्कॅन करून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाका, दुसरा तिथून उचलेल. वाय-फायवाल्या ऑल-इन-वनवर दोन्हीकडून स्कॅन होतं.

पतसंस्थेचं जुनं डॉसचं सॉफ्टवेअर आहे, डॉट मॅट्रिक्सवर दुसऱ्या कम्प्युटरवरून छापायचंय.

ते सॉफ्टवेअर एलपीटी१ (जुनं पॅरलल प्रिंटर पोर्ट) सोडून कुणाला ओळखत नाही, म्हणून त्याला तसं भासवायचं. दुसऱ्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज, एलपीटी१, मग शेअरचा पूर्ण पत्ता, आणि शेवटी पर्सिस्टंट यस दिलं की रीस्टार्टनंतर पण टिकतं. १६ बिटची जुनी डॉस प्रोग्रॅम्स ६४ बिट विंडोजवर तशी चालत नाहीत हे लक्षात ठेवा, विंडोज ११ तर फक्त ६४ बिटच आहे.

मोबाईलवरून पण या शेअर केलेल्या प्रिंटरवर काढता येईल का?

विंडोजनं शेअर केलेला प्रिंटर फोनला दिसत नाही. वाय-फायवाला प्रिंटर असेल आणि त्यात फोनवरून थेट छापायची सोय असेल, आयफोनला एअरप्रिंट, अँड्रॉइडला मोप्रिया, तर दोन्ही थेट काढतात. यूएसबीवाल्याला पीडीएफ मेनकडे पाठवणं हाच मार्ग. गिऱ्हाइकानं पाठवलेलं आधार, पॅन छापून झालं की त्याच्यासमोर डिलीट करा. आणि हे पण माहीत असू द्या की रांगेत फाइलची नावं मेनवर बसलेल्याला दिसतात, आणि प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये "कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स"ला टिक असेल तर छापलेल्या फाइली रांगेत तशाच राहतात, कुणीही परत काढू शकतो. ती टिक नसल्याची खात्री करा.

प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू का, म्हणजे लाईट गेली तरी दोन्ही काउंटर चालतील?

इंकजेट किंवा इंक टँकवाला असेल तर खुशाल. लेझर असेल तर नको, त्यातला फ्यूजर कागदावर टोनरची पावडर भाजून चिकटवतो आणि तापताना एकदम मोठा करंट ओढतो, छोटा ६०० व्हीएचा यूपीएस त्याच क्षणी बसतो आणि त्याच्यावरचे दोन्ही कम्प्युटर पण घेऊन जातो. राउटर मात्र नक्की यूपीएसवर ठेवा.

मेन कम्प्युटर बदलला तर सगळं परत करायचं?

नवीन मेनला जुन्याचंच नाव द्या, प्रिंटरला तेच शेअर नेम, आणि तेच लोकल अकाउंट त्याच पासवर्डनं तयार करा. जुना त्या नेटवर्कवरून आधी काढा, एकाच नावाचे दोन चालू नकोत. लोकल पोर्टनं जोडलं असेल तर दुसऱ्या कम्प्युटरवर काहीच करायला लागत नाही, त्याच्याकडे फक्त नावाचा पत्ता आहे, मागचं मशीन बदललेलं त्याला कळत पण नाही. नाव, शेअर नेम, अकाउंट आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती तुमच्याकडे कुलपात ठेवा, प्रिंटरला चिकटवू नका.